सुरांवर चालणाऱ्या कोट्या

ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं फक्त लिहिण्यातून ओळखतो, तो पहिल्यांदा समोर आला की मराठी माणूस एकाच प्रश्नापाशी अडतो: अरे म्हणायचं की अहो? टोपणनावाला वय नसतं. रात्री अकरा वाजता ‘हे क्रियापद तुमच्याकडे कसं चालवतात रे?’ असं ज्याला बिनधास्त विचारलेलं असतं, तो बँकॉकच्या पाहुरत भागातल्या गल्लीत पिकल्या केसांचा, खांद्याला शबनम लावलेला निवृत्त ग्रंथपाल निघतो आणि ‘रे’ घशातच राहतो. आम्ही चार मराठी माणसं तिथे जमलो होतो. शब्दांचं वेड एवढाच आमच्यातला धागा. पाचव्या होत्या एक थाई शिक्षिका. संस्कृत शिकलेल्या. आमच्याशी इंग्रजीत लिहीत आल्या होत्या, पण त्यांचा आवाज आम्ही कुणीच ऐकला नव्हता.

त्यांनी आल्या आल्या प्रत्येकाला वय विचारलं. आपल्याकडे असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल, थाई भाषेत ते निकडीचं असतं. तिथे मोठ्याला ‘फी’ आणि धाकट्याला ‘नाँग’ म्हणतात. कोण थोरलं, कोण धाकटं हे कळल्याशिवाय हाकच धड मारता येत नाही. आपल्या दादा-ताईसारखंच हे. फरक इतकाच, की बसमधल्या अनोळखी माणसापासून कचेरीतल्या सहकाऱ्यापर्यंत ते सरसकट चालतं. दोन मिनिटांत सगळ्यांची क्रमवारी लागली. ग्रंथपालकाका सर्वांचे ‘फी’ झाले. बाईंना आम्ही ‘ख्रू’ म्हणायचं ठरवलं. ख्रू म्हणजे शिक्षक; आपल्या ‘गुरू’चंच ते थाई रूप.

टोपणनावांचं त्यांना मुळीच अप्रूप नव्हतं. थाई माणसाला जन्मापासून दोन नावं असतात. कागदोपत्री नाव बहुधा संस्कृत-पाली वळणाचं, लांबलचक, आणि रोजच्या हाकेचं नाव बहुधा एका शब्दावयवाचं. त्याला ते ‘च्यू-लेन’ म्हणतात, म्हणजे खेळायचं नाव. मू म्हणजे डुक्कर, कुंग म्हणजे कोळंबी, नोक म्हणजे पक्षी, फोन म्हणजे पाऊस. अशा नावांनी माणसं बँकेत काम करतात, शाळेत शिकवतात आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

बाईंशी आमचं लिहिणं चाले ते मुख्यतः दोन्ही भाषांत असलेल्या शब्दांवर. हा विषय निघाला की मराठी माणसाला उधाण येतं. विमान उतरतं ते सुवर्णभूमीवर. लिहिताना ‘सुवर्णभूमि’, म्हणताना ‘सुवन्नफूम’. देवाचा उच्चार ‘थेप’ होतो, नगराचा ‘नाखोन’. शहराचं थाई नावच मुळी क्रुंग थेप महानाखोन. ते संपूर्ण म्हटलं तर त्यात अमर, रत्न, इंद्र, नवरत्न, राजधानी, विमान, अवतार असे शब्द एकामागून एक येतात आणि रोमन लिपीत त्याची १६८ अक्षरं होतात. दूरचित्रवाणीला ‘थोरथत’ म्हणतात, म्हणजे आपलं दूरदर्शन. शाकाहाराला शब्द आहे ‘मांगसविरत’. मांसापासून विरती! आमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीनं तो पाठ करून ठेवला होता आणि तो तिच्या उपयोगीही पडला.

पण ‘हे सगळं आपलंच’ हा सूर मला हल्ली खटकतो. यांतले पुष्कळ शब्द ख्मेर आणि पालीमार्गे शतकानुशतकं तिथे मुरले आहेत, आणि काही तर थाई विद्वानांनी स्वतः घडवले आहेत. ‘सवत्दी’ हे अभिवादन पाहा. आपण ते ऐकून लगेच ‘स्वस्ति’ ओळखतो. जुन्या ताम्रपटांच्या आरंभी असतं ते. पण भेटल्यावर एकमेकांना सवत्दी म्हणायची पद्धत जेमतेम नव्वद वर्षांची आहे. चुलालाँगकॉर्न विद्यापीठात शिकवणाऱ्या फ्राया उपकित शिल्पसान यांनी १९३०च्या दशकात ती विद्यार्थ्यांत रुजवली आणि १९४३ मध्ये सरकारनं ती अधिकृत केली. शब्दाचं बी आपल्या ओळखीचं असेल, झाड त्यांनी लावलं. ‘आपले’ शब्द मोजत फिरणारा प्रवासी त्या भाषेच्या उंबऱ्याबाहेरच राहतो, असं माझं मत झालं आहे, आणि ते पक्कं झालं ते त्या गल्लीत आम्ही बसलो होतो त्या टेबलाशी.

शेजारच्या गाडीवर एक बाई मातीच्या उभट खलात लाकडी बत्त्यानं सोमताम कुटत होत्या. कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे, लिंबू, मिरची. पोक-पोक असा एकसारखा आवाज. आमच्या ख्रूंनी त्या ठेक्यावर बोट आपटत एक वाक्य म्हटलं: माय माय माय माय माय. आम्ही ते पूर्वी रोमन लिपीत वाचलं होतं आणि गंमत म्हणून सोडून दिलं होतं. आता त्यांनी ते हळू म्हटलं आणि हातानं हवेत प्रत्येक ‘माय’ची वाट काढून दाखवली. पहिला वरच्या पट्टीत, दुसरा खाली, तिसरा आणि चौथा वरून घसरत येणारे, शेवटचा खालून वर चढणारा. लाकूड, नवीन, नाही, जळणं, आणि शेवटचा प्रश्नार्थक. नवं लाकूड जळत नाही का? एका उच्चारात अख्खं वाक्य. थाईत पाच सूर आहेत आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. थाई लिपी ते सूर नीट दाखवते. आमच्या रोमन आणि देवनागरी लिहिण्यात ते सगळे सपाट होऊन गेले होते.

मग एकेक जोडी निघत गेली. ‘सुआय’ खालून वर चढवत म्हटलं तर सुंदर, सपाट म्हटलं तर दुर्दैवी, पनवती. कुणाचं कौतुक करताना केवढं सांभाळून बोलायला हवं! ‘क्लाय’ घसरत्या सुरात म्हणजे जवळ, सपाट सुरात म्हणजे लांब. ग्रंथपालकाका हे ऐकून बराच वेळ दोन्ही क्लाय घोळवत बसले. दर वेळी ख्रू मान हलवत, हाताचा तळवा तिरका खाली आणत, आणि काका पुन्हा म्हणत. इतकी वर्षं पत्रापत्री करूनही ही गोष्ट कळली नसती. ती कळायला समोरच्याचा हात दिसावा लागतो आणि आपला उच्चार त्याच्या कानावर पडावा लागतो.

खरी धमाल ‘खाम फुआन’नं आणली. फुआन म्हणजे उलटवणं. दोन शब्दावयवांतली सुरुवातीची व्यंजनं जागच्या जागी ठेवायची आणि पुढचे स्वर-व्यंजनांचे शेपटे आपसांत बदलायचे. सवत्दीचं होतं सवीदत. थाई माणसं मजेत असा नमस्कार खरोखर करतात. या खेळातून निघणारे बरेच शब्द चावट असतात. म्हणून मोठ्यांसमोर भलतंच काही उलटून बसू नये याची थाई मुलं काळजी घेतात. ख्रूंनीही दोन उदाहरणं अर्ध्यावर सोडली आणि चेहरा लालेलाल करून हसत बसल्या. तेवढ्यात आमच्या शाकाहारी मैत्रिणीला आपली ‘च’ची भाषा आठवली. मलाचं चलाम, भातचं चातभ, जेवणचं चेवणज. पहिलं व्यंजन काढून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा, एवढा नियम ख्रूंना पुरला. पाच मिनिटांत त्या पाणी मागताना ‘चाणीप’ म्हणत होत्या. संस्कृत शब्दांच्या यादीनं आम्हाला एकमेकांचा आदर वाटायला लावला होता. मैत्री झाली ती या पोरखेळानं. मराठीला कोट्यांचं केवढं वेड आहे, मोरोपंतांच्या यमकांपासून हळदीकुंकवातल्या उखाण्यांपर्यंत! त्या वेडाला तिथे बरोबरीचा गडी भेटला.

एक उलगडा व्हायचा राहिला होता. ख्रूंच्या निरोपांत नेहमी ‘५५५’ असे आकडे असत. आमच्यातला एकजण त्याला दूरध्वनीचा विभाग-क्रमांक समजत होता. थाईत पाचाला ‘हा’ म्हणतात. तीनदा लिहिलं की हाहाहा. चिनीत पाचाचा उच्चार ‘वू’, म्हणून तेच तीन आकडे चिनी मुलं रडण्यासाठी लिहितात. नऊ म्हणजे ‘काओ’. पुढे पाऊल टाकण्याच्या शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो, म्हणून गाडीच्या क्रमांकात नऊ असावेत अशी थाई माणसाची इच्छा असते.

मुंबईहून बँकॉक विमानानं चार-साडेचार तासांवर आहे. सहलीला जाणाऱ्यांची दर सुट्टीत रीघ लागलेली असते. देवळं, बाजार, नदीतली फेरी हे सगळं बघाच. पण आजकाल प्रत्येकाच्या ओळखीत असं कुणीतरी असतं, ज्याच्याशी फक्त लिहिणं होतं. असं कुणी तिथे राहत असेल, तर सहलवाल्यांच्या कार्यक्रमातली एक संध्याकाळ हट्टानं मागून घ्या आणि त्या माणसाला गाठा. कोणते शब्द आपल्याकडून गेले ते त्याला सांगू नका. त्याच्या भाषेतली एक कोटी शिकवायला सांगा. सूर चुकेल. तो हसून दुरुस्त करेल. जेवायला मात्र वेळेवर पोचा, कारण वयाप्रमाणे हाका ठरेपर्यंत कुणी जेवण मागवत नाही.