घरचा सल्ला : प्रवाळ पांढरे पडू लागले तर?

मैत्रिणींनो, या आठवड्याचे पत्र सातासमुद्रापलीकडून आले आहे. अमेरिकेत न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या एक भगिनी लिहितात, "जावयांनी हौसेनं खाऱ्या पाण्याची काचेची पेटी केली आहे, चाळीस गॅलनची. दोघं दहा दिवस बाहेरगावी गेलीत आणि पेटी माझ्या गळ्यात. मासे ठणठणीत आहेत, पण फांद्यांचं प्रवाळ पांढरं पडायला लागलंय आणि दुसरं एक मिटून बसलंय. मला रात्री झोप नाही. कपाटात बाटल्यांची रांग आहे, त्यातलं कोणतं औषध घालू?"

ताई, बाटल्या आहेत तिथेच राहू द्या. अंग गरम लागले म्हणून आपण मुलाला दिसेल ती गोळी देत नाही, आधी ताप बघतो. इथेही तेच करायचे आहे.

इकडच्या मैत्रिणींना मात्र आधीच सांगते. हे वाचून घरात प्रवाळ आणायचा बेत करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारी सर्व प्रवाळे घातली गेली. ती समुद्रातून काढणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, ते तिथेच पाहावे. पण लेकी-सुना परदेशी असलेल्या घरांत हा प्रश्न येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. चुन्याच्या सांगाड्यावर राहणाऱ्या बारीक बारीक प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या अंगात झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचा तपकिरी रंग या शैवालाचाच. पाणी फार तापले किंवा उजेड एकदम वाढला की प्रवाळ हे शैवाल गमावते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. १९९८ साली जगभरच्या समुद्रांत हेच झाले होते.

म्हणून पांढरे म्हणजे नेमके कसे पांढरे, ते भिंगातून पाहा. सांगाड्यावर पातळ पारदर्शक कातडी शाबूत असेल तर प्राणी जिवंत आहे, फक्त उपाशी आहे. कारण दूर झाले तर काही आठवड्यांत रंग परतू शकतो. कातडीच सुटून बुडापासून वर सरकत असेल तर मामला गंभीर. अशा वेळी बहुधा पाण्याच्या अल्कतेत चढउतार झालेला असतो. रंग नुसता तपकिरी होत चालला असेल तर पाण्यात खाद्याचा अंश साचला असावा किंवा उजेड कमी पडत असावा. आणि एखादे प्रवाळ एक-दोन दिवस मिटून बसले, तर घाबरू नये. कधी कधी ती अंगावरची जुनी साय टाकत असतात.

आता तपासणी. क्रम असाच ठेवा.

पहिले तापमान. ते २४ ते २७ अंश सेल्सियस, म्हणजे तिकडच्या मापाने ७५ ते ८० फॅरनहाइट असावे. पेटीच्या तापकावरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर बुडवून पाहा.

दुसरा खारेपणा. तुमच्या पत्रावरून मला पहिला संशय याचाच येतो. आमटी आटली की खारट होते, तेव्हा आपण तीत मीठ घालतो का? पाणीच घालतो ना! पेटीतले पाणी रोज उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोजची तूट आर.ओ.च्या बिनखाऱ्या पाण्याने भरायची, मिठाच्या पाण्याने नव्हे. नळाचेही नको. त्यात क्लोरीन असते आणि कधी कधी तांबेही उतरलेले असते. खारेपणा हजारी ३५, म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ असावी. वाढला असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरवा.

तिसरी अल्कता. प्रवाळ ज्यापासून सांगाडा बांधते ते द्रव्य पाण्यात किती शिल्लक आहे, याचे हे माप. टेस्ट किटमध्ये ते ७ ते ११ जर्मन अंश यावे. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम असावे. अल्कता कमी निघाली तर स्वयंपाकघरातला खायचा सोडा चालतो, बेकिंग पावडर नव्हे. दीडशे लिटर पाण्याची अल्कता एक अंश चढवायला साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा सोडा लागतो. तो आर.ओ.च्या पाण्यात विरघळवून, पंपाचा झोत असेल तिथे थोडा थोडा सोडावा. दिवसाला एक अंशापेक्षा जास्त चढवू नये. घाईने झालेली सुधारणासुद्धा प्रवाळाला सोसत नाही.

चौथे अमोनिया आणि नायट्राइट. ही दोन्ही शून्य हवीत. अमोनिया दिसला तर खडकामागे मासा किंवा गोगलगाय मरून पडली आहे का ते शोधा. नायट्रेट लिटरला दोन ते दहा मिलिग्रॅम चालते. जास्त असेल तर तुमचा हात सढळ आहे, खाद्य कमी करा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच पुरे.

यातले काहीही बिघडलेले असले तरी एक उपाय सहसा बाधत नाही, तो म्हणजे दहा टक्के पाणी बदलणे. तुमच्या पेटीला १५ लिटर लागेल. स्वच्छ बादलीत आर.ओ.चे पाणी घ्या. त्यात समुद्री मीठ पाकिटावरच्या प्रमाणात घाला, अर्ध्या किलोच्या थोडे वर लागेल. जेवणातले मीठ अजिबात नको. छोटा पंप लावून ते रात्रभर फिरू द्या. सकाळी तापमान आणि खारेपणा पेटीइतकाच आहे ना ते पाहून मगच बदला. पांढऱ्या प्रवाळावरचा उजेड काही दिवस थोडा मंद ठेवा.

घरातल्या काही सवयीही सांभाळायला हव्यात. पेटीच्या खोलीत झुरळांचा फवारा नको. हात घालण्यापूर्वी अंगठ्या-बांगड्या काढाव्यात आणि साबणाचा अंश राहणार नाही असे हात धुवावेत. माशांच्या औषधात तांबे असेल तर ते या पेटीत कधीच घालू नये, प्रवाळ आणि कोळंब्या त्याने मरतात. थंडीत दारे-खिडक्या बंद असल्या की खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. रोज थोडा वेळ खिडकी उघडलीत तर तो आपोआप सावरतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. खडक मळकट दिसले म्हणून ते उकळत्या पाण्यात टाकू नका, ब्रशने खरवडूही नका! झोअँथिड नावाच्या बटणासारख्या प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. असे खडक घरात उकळल्यावर त्याच्या वाफेने माणसे आजारी पडून रुग्णालयात गेली आहेत. खडकाला हात लावणे भागच असेल तर हातमोजे आणि चष्मा घालावा. नातवंडांना पेटीत हात घालू देऊ नये. हाताला जखम असेल तर आपणही घालू नये.

शेवटी एक सोपी सवय सुचवते. दुधाचा हिशेब ठेवतो तशी एक लहानशी वही पेटीजवळ ठेवा. तारीख, तापमान, खारेपणा, अल्कता आणि त्या दिवशी काय घातले, एवढ्या पाच नोंदी पुरेत. एका वेळी एकच बदल करा आणि तीन-चार दिवस वाट पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला आणि घात कशाने झाला, हे कळायला मार्ग राहत नाही. आठवडाभर लिहिलेत की कोणता आकडा रोज सरकतो आहे ते तुमचे तुम्हालाच दिसेल, आणि उपाय तिथूनच सुरू करायचा.