हार गुंफणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा: कर्ज फुलांवर नको, हुन्नरावर खर्च करा

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर हार बनवणारे मालाकारही त्यात आहेत. मात्र सुताराचे लाकूड महिनाभर पडून राहिले तरी चालते. फूल दुसऱ्या दिवशी कोमेजते. म्हणून योजनेचा लाभ घेताना मालाकारांनी वेगळा हिशेब मांडायला हवा.

काय मिळते?
- ५ ते ७ दिवसांचे मूलभूत आणि किमान १५ दिवसांचे प्रगत प्रशिक्षण. दररोज ५०० रुपये विद्यावेतन
- अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर
- तारणाशिवाय कर्ज: आधी १ लाखापर्यंत (१८ महिने), नंतर २ लाखांपर्यंत (३० महिने), लाभार्थ्याला व्याज ५ टक्के

अर्ज कोणाच्या नावावर करावा?
पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब मानले जाते आणि कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. या धंद्यात एकजण फुले आणतो, दुसरा गुंफतो, तिसरा विकतो. योजना हाताने काम करणाऱ्या कारागिराची आहे. म्हणून जी व्यक्ती प्रत्यक्ष हार गुंफते, तिच्या नावाचा आधी विचार करा. अनेक घरांत ती व्यक्ती स्त्री असते.

रस्त्यावर फुले विकणाऱ्या अनेकांनी पीएम स्वनिधीतून कर्ज घेतले आहे. स्वनिधी किंवा मुद्रा कर्ज गेल्या ५ वर्षांत घेतले असेल, तर ते पूर्ण फेडल्यावरच अर्जदार पात्र ठरतो. अर्जापूर्वी बँकेत खात्री करून घ्या.

पैसा कुठे घालावा?
१ लाखाच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ५,८०० रुपये येतो. सण आणि लगीनसराईत तो सहज निघतो. मंदीच्या महिन्यांत जड जातो. सगळी रक्कम फुलांच्या खरेदीत घातली, तर माल संपतो आणि हप्ता उरतो. त्यापेक्षा बर्फपेटी, बादल्या, चांगल्या कात्र्या, पुन्हा वापरता येणाऱ्या लोखंडी किंवा बांबूच्या चौकटी घेतल्या, तर त्या अनेक हंगाम कमाई देतात.

मागणी कशी बदलते आहे?
सुट्या हारांबरोबर आता मंडप, व्यासपीठ आणि गाडीची संपूर्ण सजावट मागितली जाते. त्यात मजुरीचा वाटा मोठा असतो. मात्र सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. फुले खोचण्याचा हिरवा स्पंजही कुजत नाही, त्याचे बारीक प्लास्टिक होते. जाळी, ओले शेवाळ आणि बांबूवर रचना करता येणाऱ्या कारागिराला म्हणूनच जास्त वाव आहे. दांडीच्या फुलांचा देठ तिरका कापून लगेच पाण्यात ठेवणे आणि पाण्याखालची पाने काढणे, एवढ्यानेही फुले जास्त टिकतात.

दुसरे कर्ज कधी?
पहिल्या कर्जाचे खाते नियमित असावे आणि व्यवसायात डिजिटल व्यवहार सुरू झालेले असावेत किंवा प्रगत प्रशिक्षण पूर्ण झालेले असावे. डिजिटल व्यवहारामागे १ रुपया, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत, प्रोत्साहन मिळते. त्यामुळे हार विकतानाही क्यूआर कोड समोर ठेवा. प्रगत प्रशिक्षण शक्यतो मंदीच्या काळात घ्या. ऐन सणात ५०० रुपयांत बुडालेला दिवस भरून निघणे कठीण.

नोंदणी
वय किमान १८ वर्षे हवे. आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक घेऊन जवळच्या सामायिक सेवा केंद्रात जा. नोंदणी मोफत आहे. त्यानंतर ग्रामपंचायत किंवा नागरी संस्था, जिल्हा समिती आणि छाननी समिती अशी तीन टप्प्यांत पडताळणी होते.