गाडीचा पंखा आणि कूलरचं बटण

अकोल्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमची जुनी गाडी उन्हाळ्यात फार तापते. गॅरेजवाला म्हणतो, पंखा 'डायरेक्ट' करून पुढे वेगळं बटण बसवून देतो, मग काळजी नको. बसवून घ्यावं का?"

पत्र वाचलं आणि मला माझाच एक मे महिना आठवला. आधी तो प्रसंग सांगते. त्यात शहाणपण थोडं आणि चूक जास्त आहे, पण ती चूक तुमच्याकडून होऊ नये!

आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्याला ठरलं होतं. अकरा वाजता दवाखान्यात हजर व्हायचं होतं. हे दौऱ्यावर, म्हणून गाडी मीच काढली. गाडी जुनी, छोटीशी. आदल्याच वर्षी रस्त्याकडेच्या एका गॅरेजात तिला असंच पंख्याचं बटण बसवून घेतलं होतं. बडनेरा मागे पडलं आणि सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी जयल्यावानी वास येते व सुनबाई." मला वाटलं, बाहेर कुणी धुरा पेटवला असेल. मी काच वर केली नि पुढे निघाले.

अमरावती-अकोला रस्ता आता छान झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर लांबीचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरं करून गिनीज बुकात नाव गेलं, तोच हा रस्ता. गाडी पळत होती तोवर तापमानाचा काटा मध्यावर शांत होता. नणंदेला बरोबर घ्यायचं म्हणून मूर्तिजापूर गावात शिरलो, गर्दीत अडकलो, आणि काटा चढू लागला. मी बटण दाबलं. पंख्याचा आवाज नाही. पुन्हा दाबलं. काही नाही! घड्याळात पावणेदहा झालेले.

तेवढ्यात एक ऐकलेली गोष्ट आठवली ती केली. एसी बंद, सगळ्या काचा खाली, आणि हीटर पूर्ण चालू! इंजिनाची उष्णता हीटरवाटे आत ओढली जाते, इंजिनाला तेवढाच आराम मिळतो. सासूबाई म्हणाल्या, "मे महिन्यात हीटर? डोळ्याच्या आंधी जीवच घेतं काय माहा?" हसावं की रडावं कळेना. एका कडुनिंबाखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि नणंदेच्या घरून पाणी मागवलं. ते प्यायला हं, रेडिएटरला नव्हे. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत पाणी दाबाखाली उकळत असतं. झाकण फिरवताच ते तोंडावर उडतं.

जवळच एक ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारे भाऊ भेटले. त्यांनी डॅशबोर्डाखालून बटण ओढून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. ते घरच्या कूलरचं बटण होतं! मागचं प्लास्टिक वितळलेलं, वायर काळी पडून कडक झालेली. "ताई, गाडी पेटली नाही हे नशीब समजा," ते म्हणाले. बडनेऱ्यापासून येणारा वास हाच होता.

आता हे असं का झालं ते समजून घेऊ. कूलर आपल्या वऱ्हाडात घरोघरी आहे, त्यामुळे समजायला सोपं जाईल.

घरच्या कूलरमध्ये पाणी वाळ्यावरून झिरपतं आणि पंखा हवा ओढतो. गाडीत पाणी उघडं नसतं. ते इंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि नळ्यांवरून जाणारी हवा ते थंड करते. गाडी पळत असली की समोरून हवा आपोआप मिळते. थांबली की पंखा लागतो. जुन्या अँबॅसडरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. पुढे १९८३ साली मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, म्हणून रेडिएटरला विजेचा पंखा आला. पाणी साधारण नव्वदीच्या पुढे तापलं की तापमानाचा स्विच लागतो, पंखा फिरतो. पाणी निवलं की बंद होतो. आपण काही करायचं नसतं.

हा आपोआपचा स्विच बिघडला की 'डायरेक्ट' करायची सूचना येते. मेख आहे ती विजेच्या प्रवाहात. समजा पंखा १२० वॅटचा आहे. घरात २३० व्होल्टवर तो अर्धा अँपिअरच प्रवाह घेईल. पण गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिथे त्याच पंख्याला १० अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ वीसपट! पंखा सुरू होताना तर क्षणभर त्याहूनही जास्त. कूलरचं हलकं बटण आणि घंटीची बारीक वायर ते किती दिवस सोसणार?

म्हणून मध्ये रिले लागतो. रिले म्हणजे लहानशी काळी डबी. बटणाने तिला नुसती खूण करायची, बटणातून अगदी थोडा प्रवाह जातो. पंख्याचा मोठा प्रवाह बॅटरीतून जाड वायरीने, फ्यूजमधून, रिलेमधून थेट पंख्याला जातो. रिलेच्या पायांजवळ बहुधा आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीची वायर फ्यूजमधून येते, ८७ वरून पंख्याला जाते, आणि ८५ व ८६ ही खुणेची. एवढे आकडे लक्षात ठेवून गॅरेजात विचारलंत तरी समोरचा माणूस जरा सावरून काम करतो, हा माझा अनुभव आहे.

आधीच बसवलेलं बटण चालेनासं झालं तर दोष कुठे आहे ते असं पाहा. इंजिन थंड असू द्या. पदर खोचा, वेणी बांधा, ओढणी काढून ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक फिरू लागतो, तेव्हा पात्यांजवळ बोट नेऊ नका.

१. आधी फ्यूज पाहा. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवा घाला. रंगही लक्षात ठेवा: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. चांदीचा कागद किंवा केसांची पिन लावून काम भागवू नका. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून.

२. किल्ली फिरवा, एकीने रिलेवर बोट ठेवा, दुसरीने बटण दाबा. 'टक्' जाणवलं तर बटण बहुधा ठीक आहे, दोष पुढे पंख्याच्या बाजूला. 'टक्' नाही तर बटण, त्याची वायर किंवा रिले ह्यांपैकी काही तरी गेलं.

३. 'टक्' होतं पण पंखा नाही, तर १२ व्होल्टचा बल्ब दोन वायरींना जोडून घ्या. पंख्याचा सॉकेट काढून त्या दोन टोकांना बल्ब लावा. बल्ब चांगला पेटला तर वीज येते आहे, मोटरच गेली. नाही पेटला तर बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी सॉकेटच्या एकेका टोकाला लावून पाहा. आता पेटला तर अर्थिंग तुटली आहे. बहुतेक वेळा बोल्टाखाली गंज किंवा रंग असतो; घासून घट्ट केलं की पंखा फिरतो.

आणखी एक साधी परीक्षा. गाडी थांबल्यावर काटा चढतो आणि पळताना उतरतो, तर पंख्याचा संशय घ्या. पळतानाही चढतच असेल तर पाणी गळतंय का, रेडिएटर तुंबलाय का ते पाहावं लागेल. तिथे बटणाचा उपयोग नाही.

आता अकोल्याच्या ताईंना उत्तर. ताई, आधी तापमानाचा बिघडलेला स्विच बदलून घ्या. बटण हवंच असेल तर रिले, फ्यूज आणि जाड वायर घालूनच घ्या. मूळ स्विच काढू देऊ नका. बटण त्याच्या जोडीला असावं. म्हणजे तुम्ही विसरलात तरी पंखा आपला आपण लागेल. नाहीतर बटण दाबायचं एकदा राहिलं की हेड गॅस्केट गेलंच, आणि तो खर्च मोठा असतो. बटणाची वीज किल्लीतून घ्यायला सांगा. बॅटरीतून थेट घेतली आणि पंखा चालू राहिला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन तासांत रिकामी. गाडी नव्या पद्धतीची, कॉम्प्युटरवर चालणारी असेल तर मात्र वायर कापूच देऊ नका.

मूर्तिजापूरच्या त्या भाऊंनी तात्पुरती जाड वायर आणि फ्यूज लावून पंखा सुरू करून दिला. "अकोल्यात पोचल्यावर वायर काढून ठेवा आणि रिले बसवून घ्या," असं बजावलं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. डॉक्टरांनी थांबून घेतलं म्हणून ऑपरेशन त्याच दिवशी झालं.

पट्टी निघाल्यावर सासूबाईंचं पहिलं वाक्य काय होतं? "मी तं तवाच म्हनली होती, जयते म्हून!"

तेव्हा मैत्रिणींनो, गाडीत जळका वास आला की काच वर करू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि सगळ्यांना खाली उतरवा. घरात कुणी म्हातारं माणूस "वास येतोय" म्हणालं, तर ते आधी खरं माना.