राखीव प्रतीचे चावडीवाचन करा!

सातबारा संगणकावर आला आणि शेतकऱ्याची अडवणूक संपली, अशी ग्वाही राज्यकर्ते देत आले आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, हे स्वागतार्हच आहे. जुन्या दप्तराच्या आडून चालणाऱ्या चिरीमिरीसाठी कोणी गळा काढण्याचे कारण नाही. कागदही अमर नव्हता; २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने ते सर्व महाराष्ट्राला दाखवून दिले. परंतु दप्तर गावातून उठून सर्व्हरवर गेले, तेव्हा त्याच्या राखीव प्रतीवर, म्हणजे बॅकअपवर, हुकमत कोणाची राहिली? हा प्रश्न तांत्रिक नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील कपाशी-सोयाबीनच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. एखादा फेरफार नाहीसा झाला, तर उरलेली चुकीची नोंद कायद्याला खरी वाटते आणि ती खोटी ठरवण्यासाठी हेलपाटे मात्र त्यालाच घालावे लागतात. पेरणी कोणासाठी थांबत नाही. पीककर्ज मात्र थांबते.

सर्व्हर जुने होतात, ते बदलावेच लागतात. त्यांच्याबरोबर बॅकअपचे सॉफ्टवेअरही नव्या सर्व्हरवर न्यावे लागते. धोका नेमका येथे असतो. केवळ फायली उचलून नेल्याने काम होत नाही. कोणती प्रत कोठे ठेवली आहे याची सूची, कुलूपबंद प्रती उघडण्याची कूटचावी, प्रती घेण्याचे वेळापत्रक आणि जुन्या प्रती किती काळ राखायच्या याचे नियम, हे सारे न्यावे लागते. सूची हरवली तर प्रत असूनही सापडत नाही; कूटचावी हरवली तर सापडूनही उघडत नाही. आणि पडद्यावर तर रोज रात्री ‘काम यशस्वी’ असेच झळकत राहते!

ही भीती काल्पनिक नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात बॅकअपच्याच कार्यप्रणालीत केलेल्या सदोष बदलामुळे सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-सामग्री पुसली गेली. रक्षणासाठी नेमलेल्याच्याच हातून घर लुटले गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती-केंद्राला आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. साठा अवाढव्य म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. संगणकशास्त्रात अग्रेसर म्हणवणाऱ्या देशांची ही कथा!

यावर उत्तर ठरलेले असते: हे तज्ज्ञांचे काम, त्यात गावकऱ्यांना काय कळणार? रोजगार हमीच्या कामांवरही हेच ऐकवले जाई. तेथील मजुरांनी खोदलेल्या मातीचे मोजमाप समजून घेतले आणि हजेरीपटावर बोट ठेवले, तेव्हा तज्ज्ञतेच्या नावाखाली काय चालते ते उघड झाले. सॉफ्टवेअर कसे चालते हे शेतकऱ्याला कळण्याची गरज नाही. परत आणलेल्या प्रतीत आपले नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर आहे की नाही, हे मात्र त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही कळत नाही.

नांदगावच्या खंडेश्वर मंदिरात तेराव्या शतकातील यादवकालीन शिलालेख आहे. दानाची ती नोंद आजही वाचता येते, म्हणूनच ती जिवंत आहे. जी प्रत परत आणून वाचून पाहिलेली नाही, ती प्रत नव्हे. तो निव्वळ भरवसा आहे. आणि भरवशावर सातबारा टिकत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नव्या सर्व्हरवरील राखीव प्रतींतून नोंदी प्रत्यक्ष परत आणून पडताळल्याखेरीज जुना सर्व्हर बंद करू नये. एक प्रत दूरच्या ठिकाणी, जाळ्यापासून अलग ठेवावी. कूटचावी शासनाच्या ताब्यात असावी, ठेकेदाराच्या नव्हे. चूक झाल्यास तिचे खापर गावच्या महसूल कर्मचाऱ्यावर किंवा कंत्राटी संगणकचालकावर फोडू नये. स्थलांतराला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने उत्तर द्यावे. आणि संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका शोधण्यासाठी २०१७ साली जसे गावोगावी चावडीवाचन झाले, तसेच प्रत्येक स्थलांतरानंतर तालुक्यातील काही गावांच्या परत आणलेल्या नोंदींचे जाहीर वाचन व्हावे.

कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभांत नेला पाहिजे. जमीन कसणाऱ्याची असेल, तर तिच्या नोंदीची राखीव प्रतही त्याचीच आहे. ती तपासण्याचा हक्क कोणी मेहेरबानी म्हणून देणार नाही. तो मागूनच घ्यावा लागेल.