माग काढा, नाहीतर भरपाई द्या!

पेशवाईतल्या गावगाड्यात चोरी झाली की चोराचा माग काढायचे काम रखवालदाराचे असे. माग गावच्या शिवेपलीकडे नेऊन दाखवला तर तो सुटला. नाही दाखवता आला तर गेल्या मालाची भरपाई त्याने करायची आणि त्याला झेपली नाही तर गावाने. ज्याचे घर फुटले त्यानेच चोर हुडकून आणावा, असे म्हणण्याइतका तो काळ निर्लज्ज नव्हता.

आजचा रखवालदार काचेच्या दाराआड, वातानुकूलित शाखेत बसतो. पहाटे दोनला मोबाइल वाजतो. एकापाठोपाठ तीन एसएमएस येतात, तेही इंग्रजीत, आणि खात्यातून चाळीस हजार गेलेले असतात. डेबिट कार्ड मात्र उशाशी पाकिटातच! सकाळी दहाच्या ठोक्याला तो खातेदार शाखेच्या पायरीवर उभा राहतो आणि त्याची उलटतपासणी सुरू होते. ‘तुम्हीच कोणाला तरी ओटीपी दिला असणार.’ ‘तुमची होम ब्रँच ही नाही.’ ‘आधी एफआयआर घेऊन या.’ पोलीस ठाण्यात जावे तर तिथले हवालदार म्हणतात, आधी बँकेचे पत्र आणा. बँक आणि ठाण्याच्या मध्ये हेलपाटे घालून त्याच्या चपला झिजतात आणि तोवर चोरलेले पैसे पाच खात्यांतून फिरून नाहीसे होतात.

आम्ही बँकांना विचारतो, हे सवाल करण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? रिझर्व्ह बँकेने तर दिलेला नाही. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तिने स्वच्छ लिहिले, की अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही हेच बंधन घातले गेले. ‘ओटीपी दिला असणार’ हा पुरावा नव्हे, ती अटकळ आहे. तिच्या जोरावर एखाद्याची आयुष्यभराची पुंजी बुडीत खात्यात टाकणे ही शुद्ध अरेरावी आहे!

त्या परिपत्रकातली कलमे शाखांच्या भिंतींवर कधी लागली नाहीत, म्हणून आम्हीच इथे लावतो. चूक किंवा ढिलाई बँकेची असेल तर ग्राहकाचे नुकसान शून्य, मग त्याने कळवलेले असो वा नसो. दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, मधल्याच एखाद्या यंत्रणेत भगदाड पडले असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर दर व्यवहारामागे त्याने सोसायची कमाल रक्कम साध्या मूलभूत खात्यासाठी ५ हजार आणि नेहमीच्या बचत खात्यासाठी १० हजार रुपये. सात दिवस उलटले तर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. हे दिवस मोजायचे ते बँकेची सूचना ग्राहकाच्या हाती पडल्यानंतर. ज्या एसएमएससाठी दर तिमाहीला पैसे कापता, तो पोचलाच नसेल, तर उशीर ग्राहकाने केला असे कोणत्या तोंडाने सांगता?

तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा दाखवायची आणि विम्याचे पैसे येईपर्यंत थांबायचे नाही. नव्वद दिवसांत निकाल लावायचा. तो लागला नाही तर नियमाप्रमाणे भरपाई द्यायची. एफआयआर आणल्याशिवाय तक्रार घेऊ नये, अशी अट त्या परिपत्रकात शोधूनही सापडत नाही. मग ती शाखेच्या टेबलावर आली कुठून?

ग्राहकाचे काहीच चुकत नाही, असे आमचे म्हणणे नाही. भूलथापांना बळी पडून स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, हेही त्याच परिपत्रकात आहे. पण त्याच्या पुढचे वाक्य बँका सोयीस्करपणे गिळतात. कळवल्याच्या क्षणानंतर जे जाईल ते सगळे बँकेचे! आणि तो चुकला हे कागदोपत्री दाखवायचे कोणी? पुन्हा बँकेनेच.

फसवणूक काय फक्त अडाण्यांची होते? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि बनावट कार्डांच्या मदतीने २८ देशांतल्या एटीएममधून आणि परदेशी खात्यात वळते करून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. त्याआधी २०१६ मध्ये देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली होती आणि बँकांना कार्डे बदलून देण्याची पळापळ करावी लागली. त्या वेळी बँकिंग जगताने ‘अत्याधुनिक सायबर हल्ला’ असा शब्द वापरला. तो खराही होता. मग तसल्याच टोळ्यांनी निवृत्त शिक्षकाला गाठले की त्या हल्ल्याचे नाव एकाएकी ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ कसे होते? तज्ज्ञांची फौज बाळगणाऱ्या बँका फसल्या तर त्यांना सहानुभूती, आणि पासबुक घेऊन रांगेत उभी राहणारी बाई फसली तर ती गुन्हेगार. हा न्याय कुठला?

न्यायालयांनी हा न्याय मान्य केलेला नाही. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये भामट्याने लांबवले. त्याने चोवीस तासांच्या आत कळवले, तरी स्टेट बँक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेली. ३ जानेवारी २०२५ रोजी तिथेही हरली. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या खात्यातून १ ऑक्टोबर २०२२ रोजी ७६ लाख ९० हजार रुपये गेले. बँकेने हात झटकले आणि बँकिंग लोकपालानेही तक्रार फेटाळली. शेवटी जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकपालाचा आदेश रद्द करून ती रक्कम व्याजासह परत करायला बँक ऑफ बडोदाला फर्मावले. कंपनीला वकील परवडतो. चाळीस हजार गमावलेल्या भाजीवाल्याने उच्च न्यायालयाची पायरी कशी चढावी? बँकांचा सारा हिशेब याच प्रश्नावर उभा आहे. दहातले नऊ जण दमून घरी बसतील हे त्यांना पक्के ठाऊक असते.

रिझर्व्ह बँकेलाही आमचा सवाल आहे. एटीएममधून नोट बाहेर आली नाही आणि खात्यातून पैसे कापले गेले, तर पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये दंड ग्राहकाला मिळेल, हा नियम तुम्हीच २०१९ मध्ये केलात, तोही ग्राहकाने न मागता. मग यंत्र अडकले तर रोजचा दंड आणि चोर शिरला तर नुसते परिपत्रक, असे का? दहा दिवसांची मुदत मोडणाऱ्या बँकेच्या खिशातून अकराव्या दिवसापासून आपोआप पैसे निघू द्या. अशा किती तक्रारी आल्या, किती जणांना दहा दिवसांत रक्कम मिळाली आणि किती जणांना ‘तुमचीच चूक’ म्हणून परत पाठवले, हे बँकनिहाय छापायला लावा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाखेत ग्राहकाचे हक्क मराठीत, ठळक अक्षरांत, कर्जाच्या जाहिरातीशेजारी लागू द्या. काउंटरवरच्या कारकुनाशी आमचे वैर नाही. त्याच्यावर विमा विकण्याचे टार्गेट लादले जाते, पण हे परिपत्रक त्याला शिकवले जात नाही. दोष वर बसलेल्यांचा आहे.

आणि वाचकहो, तुम्हीही हात जोडून उभे राहणे सोडा! पैसे गेल्याचे दिसताच कार्ड बंद करा, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा, बँकेच्या हेल्पलाइनवर कळवून तक्रार क्रमांक टिपून ठेवा. शाखेत लेखी अर्ज द्या आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नका. अर्जात २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख करा आणि ‘माझी चूक सिद्ध करण्याची जबाबदारी आपली आहे’ हे वाक्य लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही.

बँकेत आपण ठेवतो त्या पैशाला मराठीत ‘ठेव’ म्हणतात. ठेव म्हणजे दुसऱ्याच्या विश्वासावर सोपवलेली वस्तू. ती जशी दिली तशी परत करणे हा ठेव घेणाऱ्याचा धर्म. बँकांनो, चोराचा माग तुमच्या शिवेपलीकडे गेला असेल तर तो पुराव्यानिशी दाखवा. ते जमत नसेल तर पैसे मोजा.