सावंतवाडीचा विमानतळ नेमका कुठला?

नकाशावर पट्टी ठेवली तर सिंधुदुर्गातलं चिपी आणि गोव्यातलं मोपा या दोन विमानतळांमध्ये जेमतेम 45 किलोमीटर अंतर भरतं. सावंतवाडी या दोहोंच्या पल्ल्यात. हवाई रेषेने मोपा साधारण 20 किलोमीटरवर, चिपी तीसहून थोडं अधिक. म्हणजे जिल्ह्याचा विमानतळ लांब आणि शेजारच्या राज्याचा जवळ.

चिपीचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झालं. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच व्यासपीठावर आल्यामुळे विमानापेक्षा टोलेबाजीच गाजली. ‘उडान’ योजनेखाली अलायन्स एअरचं छोटं एटीआर विमान मुंबईहून येऊ लागलं. सरळ रेषेत हे अंतर 350 किलोमीटरच्या आसपास. वेळापत्रकात वेळ 1 तास 25 मिनिटं.

पण चाकरमानी धावपट्टीवर राहत नाही.

डोंबिवलीहून सहार विमानतळ गाठायला दीड-दोन तास, तिथे तासभर आधी हजेरी, मग उड्डाण, सामान, आणि चिपीजवळच्या परुळ्याहून सावंतवाडीपर्यंत वळणांचा रस्ता. सव्वा-दीड तासाच्या प्रवासाचे पाच-सहा तास कधी होतात ते कळत नाही. रात्री बाराच्या सुमारास दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी दुपारी सावंतवाडीला सोडते, म्हणजे बारा तास. विमानाने वेळ निम्म्यावर येतो हे खरं. पण गाडीत त्यातली रात्र झोपेत जाते, हेही हिशेबात धरायला हवं.

मुळात मिनिटांपेक्षा भरवसा मोठा. दिवसाला एकच फेरी असेल आणि तीच रद्द झाली, तर गणपतीला निघालेल्या माणसाने करायचं काय? ऑक्टोबर 2024 मध्ये ‘उडान’ची तीन वर्षांची मुदत सरली आणि अलायन्स एअरची ती सेवा थांबली. मोपावर 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरू लागली. तिथे फेऱ्या पुष्कळ. एक चुकली तर दुसरी मिळते.

याचा अर्थ चिपी फुकट गेलं असा नाही. मालवण, वेंगुर्ले, कुडाळच्या माणसाला तेच सोयीचं. गरज असेल तर छोटी सेवाही टिकते: स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे तीन किलोमीटरहूनही कमी अंतराचं नियमित उड्डाण दोन मिनिटांत संपतं. मध्ये समुद्र आहे, माणसांना गरज आहे, म्हणून ते टिकलं. चिपीची सेवाही अशी गरज ओळखून, ठरल्या वेळेला आणि मुदतीच्या टांगत्या तलवारीविना चालायला हवी.

सावंतवाडीकरांनी मात्र जिल्ह्याच्या अभिमानापायी लांबचा रस्ता धरू नये. लोकप्रतिनिधींकडे त्यांनी नव्या फलकाऐवजी एसटी मागावी: मोपाहून बांदामार्गे आणि चिपीहून कुडाळमार्गे, विमानांच्या वेळा पाहून सुटणारी, रात्रीच्या शेवटच्या प्रवाशालाही घेऊन येणारी.