धरसोड करणारे चाक

मराठीत ‘धरसोड’ हा शब्द निंदेचा आहे. धरसोड वृत्तीचा माणूस आम्ही वकील मंडळी साक्षीला उभा करीत नाही. परंतु चावीच्या घड्याळाचे सारे इमान याच धरसोडीवर उभे असते, हे आमच्या ध्यानी आले ते वडिलांचे जुने ‘एचएमटी जनता’ दुरुस्तीस नेले तेव्हा.

वृद्ध घड्याळजींनी मागचे झाकण काढले, डोळ्याला भिंग लावले आणि एकेक भाग दाखवू लागले. गोल डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी म्हणजे कमान. चावी दिली की ती आवळली जाते आणि उलगडू पाहते. तिला मोकळे सोडले तर काटे गरगरा फिरतील आणि दीड दिवस पुरावयाचे बळ काही क्षणांत संपेल. म्हणून चाकांच्या माळेच्या शेवटी नांगराच्या आकाराचा एक चिमुकला तुकडा बसवलेला असतो. त्याच्या दोन टोकांना माणकाचे दोन खडे असतात. एक खडा चाकाचा दात अडवतो, मग सोडतो. तेवढ्यात दुसरा खडा पुढचा दात धरतो. केव्हा सोडावयाचे हे ठरवते मागे-पुढे झोके घेणारे एक चाक, आणि त्या चाकाला झोका परतवून देते केसाएवढी बारीक, सर्पिल कमान. प्रत्येक सुटकेसरशी झोक्याला किंचित धक्काही मिळतो, म्हणून तो थांबत नाही. ‘जनता’मध्ये हे तासाला 18,000 वेळा, म्हणजे सेकंदाला 5 वेळा घडते. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे दात खड्यावर आपटल्याचा आवाज. (त्या घड्याळात एकूण 17 माणके असतात, ती घर्षण आणि झीज कमी करण्यासाठी. माणके कृत्रिम असल्याने ती विकून कोणी श्रीमंत झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

आता शब्दांकडे वळू. चावी, कमान, काटे, तबकडी, वंगण हे शब्द घड्याळजींच्या तोंडी सहज होते. बारीक कमानीला ते ‘बालकमान’ म्हणाले. हिंदी-उर्दू कारागिरांकडून आलेला हा शब्द इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस परका वाटू नये. येथील ‘बाल’ म्हणजे मूल नव्हे, केस. मात्र त्या नांगराशी आल्यावर ते अडखळले. इंग्रजी नाव सांगितले, ते आम्हास कळले नाही. मग बोटांनी करून दाखवीत म्हणाले, “वकीलसाहेब, हा धरतो, सोडतो. धरतो, सोडतो.”

आमच्या मते शब्द तिथेच सापडला. ज्या चाकाचे दात धरले-सोडले जातात ते ‘धरसोड चाक’, आणि ती सारी योजना म्हणजे ‘धरसोड’. इंग्रजी शब्दाचे शब्दशः भाषांतर करून कोणी ‘पलायन-यंत्रणा’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुरुंग फोडणारा कैदी उभा राहील, घड्याळ नव्हे.

वस्तू परकी, मग शब्द आपला कशाला, असा आक्षेप येतो. पाण्यावर तरंगणारे, तळाला छिद्र असलेले घटिकापात्र भरून बुडाले की एक घटका, म्हणजे 24 मिनिटे झाली. ते पात्र गेले, तरी ‘घटका भरली’ असे आपण आजही म्हणतो. युरोपातून यंत्र आले तेव्हा त्याच घटीपासून आपण ‘घड्याळ’ म्हटले, गुजरातीने ‘घडियाळ’, कन्नडने ‘गडियार’, तेलुगूने ‘गडियारम्’. या एका शब्दापुरता तरी सीमेवर तंटा नाही! आणि बंगळूरुच्या एचएमटीने 1961 मध्ये घड्याळे काढली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने. तरीही ‘जनता’ हे नाव तबकडीवर देवनागरीत झळकलेच.

सीमाभागात आम्ही मराठी परिपत्रकांसाठी अर्ज करतो, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद 350अचा दाखला देतो. ते केलेच पाहिजे. पण निवेदनांत निष्णात झालेल्या आम्हा मंडळींना एक घड्याळ उघडून ते मराठीत समजावता येत नाही, याची खंत आम्ही कधी केली नाही. उद्या मराठी शाळेतल्या मुलीने विचारले की काटा इतका नेमका कसा चालतो, तर शिक्षकांपाशी शब्द हवेत. ते कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने मिळणारे नाहीत. ते कारागिरांच्या जिभेवर आहेत, आणि ते कारागीर थकले आहेत. एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 मध्येच घेतला. आमच्या घड्याळजींच्या हाताखाली कोणी शिकाऊ नाही. दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचा पुतण्या मोबाईलची कव्हरे विकतो.

म्हणून बडोदा, हैदराबाद, गोवा, इंदूर येथील वाचकांस विनंती आहे. आपापल्या गावच्या घड्याळजींकडे एकदा जावे, जुने घड्याळ उघडून मागावे आणि प्रत्येक भागाला ते काय म्हणतात ते जसेच्या तसे उतरवून आम्हास कळवावे. शब्द उर्दू असो, गुजराती असो, तो सुधारून लिहू नये. त्या नांगराला कोणी काही नाव देत असेल तर ते आधी कळवावे; ते आमच्या ‘धरसोडी’हून सरस निघाले, तर आम्ही आमचा दावा आनंदाने मागे घेऊ.